जीपचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपण सहसा मंदिरासाठी राखून ठेवतो. काळाने झिजलेली वास्तू पाडून तिच्या जागी नवी उभारणे त्यात अभिप्रेत नसते. आहे तिलाच पुन्हा उभे करायचे असते. घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये लष्करी धाटणीची जुनी जीप उघडून बसणाऱ्या गृहस्थाच्या उद्योगाला याहून चपखल शब्द सापडणे कठीण. मंदिरांच्या जीर्णोद्धारात कोरीव दगडावर ऑइल पेंट फासण्याची जी चूक ठिकठिकाणी झाली, तीच चूक जीपच्या बाबतीतही तितक्याच उत्साहाने होते, हे दुसरे साम्य.

अशी जीप कोणाच्या मळ्यात कडब्याच्या गंजीआड उभी असते, कोणाच्या वाड्याच्या परसात. आजोबांनी ती घेतलेली असते, वडिलांनी चालवलेली असते, आणि नातवाच्या वाट्याला तिची चार बसलेली टायरे व सीटखालचे उंदराचे घरटे येते. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेलेला असतो. नातू नकार देतो आणि तिथून या कामाला प्रारंभ होतो. मात्र पाना हाती घेण्यापूर्वी आपल्या दारातील गाडी नेमकी कोणती आहे, हे ओळखणे अगत्याचे असते.

१९४० साली अमेरिकी लष्कराला हलके, चारही चाकांना जोर मिळणारे टेहळणी वाहन हवे होते. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून ४९ दिवसांची मुदत पाळून पहिला नमुना सिद्ध केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत पोहोचवला. प्रत्यक्ष उत्पादनाचे मोठे काम मात्र विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांकडे गेले. महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. भारताच्या ईशान्य सीमेवरील लेडोपासून चीनमधील कुनमिंगपर्यंत जो डोंगरी रस्ता काढण्यात आला, त्यावरही या गाड्या धावल्या, आणि युद्धानंतर त्यांतील काही याच देशात राहिल्या.

आपल्याकडे घरोघरी दिसणारी जीप बहुधा युद्धातली नसते. १९४५ साली जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे बदलले. १९४७ पासून अमेरिकेतून सुटे भाग मागवून मुंबईत विलीस जीपची जुळणी होऊ लागली. माझगावातील कारखान्याचे नाव जुन्या मेस्त्रींच्या बोलण्यात अजून येते. तहसीलदाराची, साखर कारखान्याची, निवडणुकीच्या प्रचाराची जीप म्हणून आपल्या मागच्या दोन पिढ्यांनी जी पाहिली, ती प्रामुख्याने या घराण्यातील सीजे-३बी.

दोन्हींतील फरक अंगणात उभे राहूनही कळतो. युद्धकालीन विलीसच्या पुढील जाळीला नऊ उभ्या फटी असतात, दिवे जाळीच्या आत बसवलेले असतात, समोरची काच दुभंगलेली असते आणि मागे उघडणारी फळी नसते. सीजे-३बीच्या जाळीला सात फटी, दिवे मोठे व बाहेर आलेले, आणि बॉनेट लक्षात येण्याइतके उंच. ही उंची शोभेसाठी नाही. विलीसच्या जुन्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. नव्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेल्यामुळे इंजिन उंच झाले आणि ते झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. घनफळ दोन्हींचे सारखेच, सुमारे २२०० सीसी. या दोहोंखेरीज तिसरे घराणे जोंगाचे: निसानच्या परवान्याने जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली, जवळपास चार लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची दणकट गाडी. लष्कराच्या लिलावांतून ती नागरिकांकडे आली.

सीजे-३बीला नऊ फटींची जाळी बसवून, बॉनेटवर पांढरा तारा रंगवून तिला 'महायुद्धातली जीप' म्हणून मिरवण्याची हौस आता बरीच पसरली आहे. ही हौस आवरावी. ज्या गाडीने बियाण्याची पोती वाहिली, वरातीत नवरदेवाला मिरवले आणि पावसाळ्यात रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवले, तिला उसन्या पराक्रमाची गरज नाही.

खरा पेच इंजिनाशी येतो. पेट्रोल महाग झाले तशी असंख्य जीपगाड्यांतील मूळ पेट्रोल इंजिने निघाली आणि त्यांच्या जागी डिझेलची बसली. जीर्णोद्धार करणाऱ्यासमोर म्हणून प्रश्न उभा राहतो: गाडी कोणत्या सालात परत न्यायची? कारखान्यातून निघाली त्या दिवशीच्या रूपात नेली, तर आजोबांनी स्वतः उभे राहून बसवून घेतलेले डिझेल इंजिन काढावे लागते. ते ठेवले, तर गाडी 'मूळ' राहत नाही. घरातील ज्येष्ठांना जीपचा जो आवाज आठवतो, तो पुष्कळदा त्या डिझेलचाच असतो.

या प्रश्नाला भावनेइतकीच कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात येऊ शकते. मात्र ती मूळ स्वरूपात असली पाहिजे, चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरतीच मुभा असते.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की कागदपत्रे आधी आणि पाना नंतर. नोंदणी पुस्तकात इंधन म्हणून काय लिहिले आहे, इंजिन क्रमांक प्रत्यक्षातील क्रमांकाशी जुळतो का, नूतनीकरण शेवटचे कधी झाले, हे पहिल्या दिवशी पाहावे. नोंदणी जिवंत असेल आणि डिझेलची नोंद रीतसर झालेली असेल, तर ते इंजिन ठेवून, नूतनीकरण करून गाडी रस्त्यावर आणणे हाच घरगुती कुटुंबासाठी सरळ मार्ग. नोंद नसताना इंजिन बदललेले असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो आणि परिवहन कार्यालयाची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसते. गाडी खरोखर युद्धकालीन विलीस असेल, तर मात्र तिला मूळ इंजिनाकडे परत नेण्याचे कष्ट सार्थ ठरतात. अशा गाड्या नव्याने होणार नाहीत. चॅसीवर गंज काढताना क्रमांकाच्या जागी ग्राइंडर फिरवू नये, हे सांगावे लागू नये. तरी सांगावे लागते.

मग उकल. जीप घरी दुरुस्त करता येते याचे कारण तिच्या जन्मातच आहे. आघाडीवरील सैनिकाला मोजक्या हत्यारांनिशी ती उघडता यावी, या अपेक्षेने ती घडवली गेली. विलीसचे दिवे बिजागरीवर मागे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो, एवढा विचार तिच्यात आहे. लांबी सुमारे सव्वातीन मीटर, वजन ११०० किलोंच्या आसपास. साधी शेड, एक साखळीचा चेनपुली ब्लॉक, लोखंडी घोडे, पान्यांचा संच आणि वेल्डिंगचे यंत्र एवढ्यावर काम सुरू होते. उघडण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. गाडी उघडायला आठवडा पुरतो. जुळवायला वर्षे लागतात, आणि तेव्हा स्मरणशक्ती कामी येत नाही.

बॉडी उतरल्यावर गंजाचा खरा हिशेब समोर येतो. युद्धकालीन जीपच्या तळपत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या आधारपट्ट्या असतात आणि त्यांच्या पोकळीत लाकूड बसवलेले असते. हे लाकूड पाणी धरून ठेवते, आणि पत्रा आतून कुजत जातो. वरून पाहता फरशी शाबूत भासते, हातोडीचा हलका ठोका मारताच आरपार जाते. चालकाच्या सीटखाली पेट्रोलची टाकी ज्या खोलगट जागेत बसते तिथेही चिखल साचून हीच कथा. अशा ठिकाणी लांबी भरून रंग मारणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची तजवीज. कुजलेला पत्रा स्वच्छ धातू लागेपर्यंत कापावा आणि त्याच जाडीचा नवा जोडावा. चॅसीचे कर्ण टेपने मोजावेत. दोन्ही कर्ण जुळले नाहीत, तर सांगाडा कधी तरी वाकलेला आहे आणि वरचे सारे काम तिरके बसणार आहे. चॅसीवरील तडे घासून, धुऊन, उजेडात पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन जाम झालेले असते. घाईने बॅटरी लावून स्टार्टर मारणाऱ्याने कित्येक पिस्टनच्या रिंगा मोडल्या आहेत. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग हँडल घालून हाताने, अंगुळभर पुढे, अंगुळभर मागे असे फिरवून पाहावे. बोअरिंग, व्हॉल्व्हच्या बैठका आणि क्रँकचे काम मात्र लेथवाल्याकडेच द्यावे. घरच्या शेडची मर्यादा ओळखणे हाही कारागिरीचाच भाग आहे. या इंजिनांच्या काळी पेट्रोलमध्ये शिसे होते. आपल्याकडे ते २००० साली थांबले. हेड उघडलेच आहे, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा फुगतो, चिरतो. ते सर्व नव्या प्रकारच्या रबराचे घ्यावे. इथेनॉल हवेतील ओलावाही ओढून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या जीपच्या टाकीत इंधन तुंबवून ठेवू नये.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. या गाड्यांत चारही चाकांना तेल पोहोचवणारा मार्ग एकच असतो. एका नळीला गळती लागली की चारही ब्रेक एकदम जातात. त्यामुळे नळ्या, सिलिंडरचे रबर, सारेच बदलावे. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपावी आणि मुलांना त्या दिवशी शेडपासून दूर ठेवावे. वेग घेताच पुढची चाके थरथरू लागली, तर दोष बहुधा किंगपिनच्या बेअरिंगांत, टायरॉडच्या टोकांत किंवा पाट्यांच्या बुशांत असतो. स्टीअरिंग बॉक्स आवळत बसल्याने तो जात नाही. फोर-व्हीलचा लिव्हर कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढू नये. पुढच्या व मागच्या चाकांतील फरक सामावून घेणारी सोय मध्ये नसल्यामुळे सगळा ताण गिअरांवर येतो. चिखल, वाळू, ओला चढ ही त्या लिव्हरची जागा.

शेवटी रंग, आणि इथे अनेकांची निराशा होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखीव आहे. खासगी गाडीला तो देता येत नाही. ज्या रंगासाठी एवढा अट्टहास केला तोच वर्ज्य. यावर पळवाटा सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादी न लागता गाडीच्या स्वतःच्या रंगाचा शोध घ्यावा. डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला, टाकीखाली, सीटच्या पट्टीखाली जुन्या रंगाचे थर शाबूत सापडतात. बारीक पॉलिश पेपरने एक जागा हलकेच घासली, तर झाडाच्या वर्तुळांसारखे एकेक थर उघडे पडतात: वर अलीकडचा पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली राखाडी. आजोबांची जीप कोणत्या रंगाची होती यावर घरात जो वाद चाललेला असतो, तो तिथे मिटतो.

इंजिन नव्याने जुळवल्यावर पहिले काही शे किलोमीटर दमाने चालवावे, गरम होऊन थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळावेत, आणि तेल लवकर बदलावे. मूळ पेट्रोल इंजिन बसवायचे ठरले असेल, तर काढलेले डिझेल इंजिन विकण्याची घाई मात्र करू नये. त्याला तेल लावून, ताडपत्रीत गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात फळीवर ठेवावे. निदान परिवहन कार्यालयातून नवे कागद हाती येईपर्यंत तरी.