फलटणची जुळी कोकरे आणि जतची माडग्याळ मेंढी

परदेशातील विद्यापीठे आणि आपला जत तालुका यांचा संबंध काय, असे कुणीही विचारील. पण शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, या दोन टोकांची गाठ पडली आहे आणि ती पडली मेंढरांमुळे. म्हणून ही हकीकत आपण समजून घेतली पाहिजे.

कृषी विद्यापीठांचे असे सहकार्य आपल्याला नवे नाही. आपला जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो ते राहुरीचे विद्यापीठ १९६८ सालचे. राज्यात कृषी विद्यापीठाची घडी बसवताना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या तज्ज्ञांची मदत झाली होती. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच विद्यापीठाने करावीत, हा नमुनाही तिकडचाच.

अडचण काय होती?

आपली दख्खनी मेंढी काटक. उन्हातान्हात फिरते, मिळेल ते खाते. पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. लोकरीला भाव राहिलेला नाही, पैसा येतो तो कोकरांचा. म्हणजे राखण तेवढीच, फिरस्ती तेवढीच आणि हाती कोकरू एकच.

आता बंगालकडे बघा. सुंदरबनच्या दलदलीत गरोल नावाची मेंढी आहे. अंगाने अगदी लहान, दहा-पंधरा किलोची, पण जुळी आणि तिळी देणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढे तिथल्या बुरूला नावाच्या शेतावर जास्त कोकरे देणाऱ्या मेरिनो मेंढ्या आढळल्या. १९५८ पासून तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास सुरू केला. हा गुण एकाच जनुकामुळे येतो, हे ध्यानात आले. २००१ साली न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी त्या जनुकातला नेमका बदल शोधून काढला. आपल्या गरोलमध्येही तोच बदल आहे हे त्यानंतर सिद्ध झाले. आपलाच माल दोनशे वर्षांनी आपल्याला ओळखता आला, तोही रक्त तपासून. कारण त्या मेंढ्या कुणी पाळल्या, कशा निवडल्या, याची नोंद कुठेच नव्हती.

चौघांनी मिळून केलेले काम

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केली. गरोलचा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. त्यासाठी ऑस्ट्रेलियाचे न्यू इंग्लंड विद्यापीठ, मेलबर्न विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोबत आल्या. पैसा ऑस्ट्रेलियन सरकारच्या कृषी संशोधन केंद्राने दिला. डॉ. चंदा निंबकर यांनी पीएच.डी.ही न्यू इंग्लंड विद्यापीठातूनच केली. यात ऑस्ट्रेलियाचा स्वार्थ नव्हता असे नाही. जंतांचा त्रास कमी होणारी मेंढी त्यांनाही हवी होती. दोघांची गरज असली तरच असे सहकार्य टिकते.

गरोलशी नुसता संकर केला तर कोकरू बारके होते आणि बाजारात मार खाते. म्हणून संकरातील जनुक असलेली पिल्ले निवडून त्यांचा दख्खनीशी पुन्हा पुन्हा संकर केला. अंग दख्खनीचे राहिले, गुण गरोलचा आला. या मेंढ्यांना ‘नारी सुवर्णा’ हे नाव मिळाले. पुढे हे नर फलटण भागातील मेंढपाळांच्या कळपात सोडले आणि कुठल्या मेंढीला किती कोकरे झाली, किती जगली, वजन किती भरले, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. प्रयोगशाळेइतकेच मोल या नोंदीला आहे.

हिशेब साधा आहे

प्रत्येक जनावरात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. नराकडे जुळ्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर साध्या मेंढीपासून झालेल्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. नराकडे एकच असेल तर साधारण निम्म्या कोकरांना मिळते. मेंढीला एक प्रत मिळाली तरी काम होते. दोन झाल्या की तिळी होऊ लागतात आणि तेवढे दूध मेंढीला नसते. नराकडे नुसते बघून यातले काही कळत नाही, रक्ततपासणीच लागते. तेव्हा ‘जुळ्याचा मेंढा’ म्हणून कुणी तोंडी सांगून विकत असेल तर तपासणीचा कागद मागा.

जुळी झाली म्हणजे फायदा झाला, असेही नाही. मेंढी पाच महिने गाभण असते. शेवटच्या दीड महिन्यात तिला रोज दोनशे ते तीनशे ग्रॅम भरड द्या. जन्मल्यावर तासाभरात दोन्ही कोकरांना चीक पाजा. आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांच्या लसी वेळेवर टोचून घ्या. ज्याच्याकडे दुष्काळात भरड घालण्याची ऐपत नाही, त्याला दोन मेलेल्या कोकरांपेक्षा एक जगलेले कोकरू बरे.

माडग्याळचे काय?

आपल्या तालुक्याला माडग्याळ मेंढीचे देणे आहे. उंच अंगलट, पांढऱ्यावर तांबडे ठिपके, पोपटासारखे बाकदार नाक. तिच्या मेंढ्याला बाजारात मान आहे. जुळ्यांच्या मोहाने सरसकट संकर केला तर हा मान जाईल. ज्याला प्रयोग करायचा त्याने थोड्या मेंढ्या बाजूला काढून करावा, पैदाशीचे उत्तम माडग्याळ नर शुद्ध ठेवावेत. बकरी ईदच्या बाजारात सगळ्यात देखणा मेंढा आधी विकला जातो आणि कळपाला उरतो तो दुय्यम. ही सवय मोडली पाहिजे.

गावकारभाऱ्यांना एक विनंती. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात आपल्या गावच्या माडग्याळ मेंढीची नोंद आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत उघडून बघा. नसेल तर जाणत्या धनगरांना बोलावून घाला. कुणाच्या घराण्याचा कळप, कुठली लक्षणे, नर कसा निवडतात, सगळे लिहा. मराठीत लिहा, सीमेवरच्या गावांत कन्नडमध्ये लिहा, पण लिहा.

मेंढपाळांनीही साधी वही ठेवावी. मेंढीच्या कानाला बिल्ला, वेताची तारीख, कोकरांची संख्या, तीन महिन्यांचे वजन, एवढे पुरे. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याच्याकडे हे काम द्या. उद्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून, राहुरीहून किंवा सातासमुद्रापारच्या एखाद्या विद्यापीठातून कुणी माडग्याळच्या शोधात आले, तर त्यांच्याशी बरोबरीने बोलायला ती वही उपयोगी पडेल. नाहीतर आपल्याही मेंढीची गत कलकत्त्याहून गेलेल्या त्या मेंढ्यांसारखी व्हायची.