अननसाच्या पानांचं कापड

फिलिपिन्समधल्या पिन्या नावाच्या कापडाचा धागा कातलेला नसतो, गाठी मारून लांबवलेला असतो. मी येवल्यातल्या पैठणी विणणाऱ्या घरातली. मागावर तुटलेला एक धागा जोडायला किती नजर लागते ते मी लहानपणापासून पाहिलंय. इथे तर सगळं कापडच गाठींवर उभं!

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला, स्पॅनिशांनी फिलिपिन्सला नेला. आपण फळ खाल्लं. तिथल्या बायका आधीपासूनच केळीच्या जातीतल्या अबाका नावाच्या झाडाचे तंतू गाठून कापड विणत होत्या. तीच विद्या त्यांनी अननसाच्या पानांवर चालवली.

दीड-दोन वर्षांच्या रोपाचं लांब पान फळीवर ठेवून चिनी मातीच्या फुटक्या बशीच्या कडेने खरवडतात. वरचे जाडसर तंतू सुटले की करवंटीच्या तुकड्याने आतले केसासारखे तंतू काढायचे. धुवायचे, वाळवायचे, विंचरायचे आणि मग एकेक तंतू पुढच्याला गाठायचा. पानाची लांबी तीच तंतूची, म्हणजे साधारण मीटरभरात एक गाठ आलीच. ती फणीत अडकली तर धागा तुटतो, म्हणून गाठीची टोकं अगदी जवळून कापतात.

स्पॅनिश काळात मनिलाच्या मठांतल्या जोगिणींनी मुलींना युरोपीय भरतकाम शिकवलं. त्यातला कलादो हा प्रकार मला सर्वांत धाडसी वाटतो. विणून झालेल्या कापडातले मोजून काही धागे सुईने ओढून काढायचे आणि उरलेल्यांना टाक्यांनी बांधून लेससारखी जाळी करायची. ज्या धाग्यासाठी एवढ्या गाठी मारल्या, तोच काढून टाकायचा! आजही लागुना प्रांतातल्या लुंबान गावात हे काम चालतं. असं कापड चर्चमधल्या वेदीवर चढलं, मनिलाच्या धनिकांच्या अंगावर आलं. दामियान दोमिंगो या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या लोकांचे पोशाख रंगवले; त्यात हा पारदर्शक पोत बारकाईने उतरला आहे.

पण विणकामाचं खरं बळ मनिलात नव्हतं, इलोइलो प्रांतात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे सुमारे ६०,००० माग असल्याचा अंदाज तेव्हाच्या इंग्रजांनी नोंदवला आहे. घरोघरी माग, आणि त्यावर बायका. अननस, अबाका, रेशीम, कापूस असं सगळं त्या विणत.

१८५५ मध्ये इलोइलोचं बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. पुढच्याच वर्षी निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवाणिज्यदूत तिथे आला. त्याने स्थानिक कापडाचे नमुने ब्रिटनमधल्या गिरण्यांना पाठवले, तशाच चौकटींचं स्वस्त सुती कापड मागवलं आणि परतीच्या जहाजांत साखर भरली. शेजारच्या नेग्रोस बेटावर उसाचे मळे उभे राहिले. मागावरची पिढी उसात गेली. आपल्याला ही कथा परकी नाही. १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाचे ७०० तुकडे १८ खंडांत चिकटवले, ते ब्रिटनमधल्या गिरण्यांना नकला करता याव्यात म्हणूनच. नमुना नेला की विणकराकडे फक्त कष्ट उरतात. नकलेचा राग माझ्या मनातून जात नाही, कारण पैठणीच्या बाजारात तो आजही रोज येतो.

पिन्या मात्र संपलं नाही. आक्लान प्रांतातल्या कालिबो परिसरात काही घरांनी माग टिकवले आणि १९८० च्या दशकापासून या कामाला पुन्हा उभारी आली. २०२३ मध्ये युनेस्कोने आक्लानच्या पिन्या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हल्ली तिथे उभे धागे रेशमाचे आणि आडवे अननसाचे, असं मिश्र कापडही भरपूर विणतात. ते लवकर होतं आणि स्वस्त पडतं. शुद्ध पिन्याच हवं म्हणणाऱ्यांना ते कमअस्सल वाटतं. मला तसं वाटत नाही. आडव्या धाग्यात गाठी आहेतच, आणि त्या मारणाऱ्या बाईला वर्षभर काम मिळतं.