सिसलॉग

सिसलॉग हा संगणक, नेटवर्क उपकरणे आणि आज्ञावली यांच्या कामकाजाच्या नोंदी, म्हणजेच लॉग, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याचा प्रोटोकॉल आहे. नोंद पाठवणाऱ्या घटकाला प्रेषक आणि ती स्वीकारून साठवणाऱ्या सर्व्हरला संग्राहक म्हणतात. १९८० च्या दशकात वापरात आलेल्या या पद्धतीचे सविस्तर वर्णन २००१ मध्ये आणि प्रमाण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत तिच्या परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक आवृत्त्या रूढ झाल्या होत्या. त्यामुळे नोंदी पाठवणाऱ्या कनेक्टरचे अचूक दस्तऐवजीकरण सिसलॉगच्या वापरात विशेष महत्त्वाचे ठरते.

इतिहास

एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ई-मेल वाहून नेणाऱ्या आज्ञावलीच्या प्रकल्पात सिसलॉग विकसित केला. पुढे इतर आज्ञावलींनीही तो स्वीकारला आणि युनिक्स प्रणालींबरोबरच राउटर, फायरवॉल व प्रिंटर यांसारख्या उपकरणांतही त्याचा प्रसार झाला. या काळात अधिकृत प्रमाण नसल्याने चालू असलेली आज्ञावली हाच संदर्भ मानला जाई.

इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने ऑगस्ट २००१ मध्ये आरएफसी ३१६४ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याचा दर्जा प्रमाणाचा नव्हता, तो केवळ माहितीपर होता. प्रचलित अंमलबजावणींत जे आढळले त्याचे वर्णन त्यात होते. मार्च २००९ मध्ये आरएफसी ५४२४ ने त्याची जागा घेतली. नवे प्रमाण तयार करताना केलेल्या पाहणीत निरनिराळ्या अंमलबजावणींमध्ये फारच थोडे साम्य आढळले. संदेशाच्या आरंभी कोनी कंसात प्राधान्यांक असतो, एवढ्याच बाबतीत त्या सर्वांचे एकमत होते.

संदेशाची रचना

प्राधान्यांक दोन संख्यांपासून तयार होतो. नोंद कोणत्या विभागातून आली हे ० ते २३ या संकेतांकाने, तर तिची तीव्रता ० ते ७ या अंकाने दर्शवतात. तीव्रतेत ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे दोषशोधनासाठीचा तपशील. विभागाच्या संकेतांकाला ८ ने गुणून त्यात तीव्रता मिळवली जाते. ई-मेल विभागाचा संकेतांक २ आणि इशाऱ्याची तीव्रता ४ असल्याने ई-मेल यंत्रणेच्या इशाऱ्याचा प्राधान्यांक २० होतो.

आरएफसी ३१६४ मधील कालनोंदीत महिना, दिवस आणि वेळ असते. वर्ष व कालविभाग नसतात. वेळ प्रेषकाची स्थानिक असते. भारतीय प्रमाणवेळेनुसार पाठवलेली नोंद संग्राहकाने जागतिक समन्वित वेळेतील मानल्यास तिची वेळ साडेपाच तासांनी चुकते. आरएफसी ५४२४ मध्ये वर्ष, कालविभाग, आवृत्ती क्रमांक आणि नावासह मूल्ये देणारा संरचित भाग यांची तरतूद आहे. कालनोंद उपलब्ध नसल्यास तिच्या जागी आडवी रेघ दिली जाते.

वहन

पारंपरिक सिसलॉग यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून पाठवला जातो. यूडीपीमध्ये पोच मिळत नसल्याने वाटेत हरवलेली नोंद प्रेषकाला कळत नाही. टीसीपीमुळे हा धोका कमी होतो, परंतु संग्राहकाने नोंद साठवल्याची पोच सिसलॉगमध्ये नसल्यामुळे जोडणी तुटताना काही नोंदी गहाळ होऊ शकतात. कूटबद्ध टीएलएस जोडणीसाठी ६५१४ हे पोर्ट राखीव आहे.

टीसीपीवर एक संदेश कोठे संपतो हे दर्शवण्याच्या दोन पद्धती रूढ असून त्यांचे वर्णन २०१२ च्या आरएफसी ६५८७ मध्ये आहे. पहिल्या पद्धतीत संदेशाआधी त्याची लांबी लिहिली जाते. दुसरीत संदेशाच्या शेवटी बहुधा नव्या ओळीचे चिन्ह येते. दुसऱ्या पद्धतीत अनेक ओळींच्या एका त्रुटी-संदेशाचे संग्राहकाकडे अनेक तुटक संदेश होतात.

कनेक्टरचे दस्तऐवजीकरण

उत्पादनाच्या माहितीपुस्तिकेतील ‘सिसलॉगला समर्थन’ एवढा उल्लेख जोडणीसाठी पुरेसा नसतो. प्रेषक व संग्राहक यांनी वेगवेगळे पर्याय गृहीत धरले, तरी नोंदी येत राहतात. मात्र त्यांची वेळ, स्रोत किंवा तीव्रता चुकीची असू शकते. असा दोष अनेकदा एखाद्या घटनेच्या तपासाच्या वेळीच उघडकीस येतो. उपयुक्त दस्तऐवजात पुढील बाबी स्पष्ट असाव्या लागतात:

• संदेशाचा नमुना आरएफसी ३१६४ प्रमाणे आहे की ५४२४ प्रमाणे, आणि त्यात केलेले बदल
• वहनाचा प्रकार, पोर्ट आणि संदेश वेगळे करण्याची पद्धत
• कालनोंदीचा कालविभाग
• संदेशाची कमाल लांबी आणि ती ओलांडल्यास होणारी कृती
• मूळ आज्ञावलीतील तीव्रतेचे स्तर सिसलॉगच्या आठ स्तरांशी कसे जोडले आहेत
• संग्राहक बंद असताना नोंदी साठवल्या जातात की टाकून दिल्या जातात
• प्रत्यक्ष पाठवल्या जाणाऱ्या संदेशाचे संपूर्ण उदाहरण

लांबीची मर्यादा विशेष दुर्लक्षित राहते. आरएफसी ३१६४ नुसार संदेश १०२४ बाइटपेक्षा मोठा नसावा. आरएफसी ५४२४ नुसार संग्राहकाने किमान ४८० बाइटचा संदेश स्वीकारलाच पाहिजे आणि २०४८ बाइटपर्यंतचा स्वीकारणे अपेक्षित आहे. त्याहून मोठा संदेश कापला किंवा नाकारला जाऊ शकतो. दीर्घ नोंदीत महत्त्वाचा मजकूर शेवटी असल्यास नेमका तोच नाहीसा होतो.

भारतातील संदर्भ

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, अर्थात सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संबंधित संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. संगणकांची घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवून ठेवण्याचीही त्यांत अट आहे. तथापि घड्याळ अचूक असूनही संदेशात कालविभाग नसेल आणि तो दस्तऐवजातही नमूद नसेल, तर वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदींवरून घटनांचा क्रम खात्रीने लावता येत नाही.