खोलीचं तापमान, पण कुठल्या खोलीचं?

माझं घर मोऱ्याला. उरण तालुक्यातलं हे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लॉन्च तासाभरात इथे लागते, अर्थात पाणी असेल तर. ओहोटीला गाळ उघडा पडला की लॉन्चचं काही खरं नसतं. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली, तेव्हापासून बरेच लोक गाडीनेच येतात. माझा जावई मात्र अजून लॉन्चनेच येतो. माझगावला राहतो, धक्का जवळ पडतो.

मागच्या मे महिन्यात तो आला तो हातात थर्माकोलचा डबा घेऊन. कोळणी मासळीला वापरतात तसला. माझी लेक सातव्या महिन्यात होती, बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिला डोहाळे लागले होते ते चीजचे! चिंचा-कैऱ्यांचे दिवस गेले म्हणायचे. डब्यात बर्फावर दोन वस्तू होत्या. एक पिवळ्या चेडरची वडी आणि दुसरं पारशी लोकांचं टोपली नू पनीर, खारट निवळीत तरंगणारं.

माझी पिढी डब्यातल्या चीजवर वाढली. ते चीज फ्रीजमधून काढून खा नाहीतर टेबलावरून, चवीत फार फरक पडत नाही. हे चेडर तसलं नव्हतं. त्या संध्याकाळी चार कवी मित्र यायचे होते. एका पाककृतीच्या पुस्तकात मी वाचलं होतं की चीज खाण्याआधी तासभर बाहेर काढावं, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, मगच चव कळते. मी तसं केलं. चांगली काचेची ताटली काढली, वड्या पाडल्या, मांडून ठेवल्या.

मित्र आले तेव्हा ताटलीत चीज पिवळ्या तेलात बसलं होतं. आधी त्याला घाम आला, मग तूप सुटलं, मग ते चिवट झालं. सगळ्यांनी एकेक तुकडा उचलला आणि चहाचं कौतुक केलं. यजमानाला यातून काय ते समजतं.

चूक पुस्तकाची नव्हती. ते पुस्तक ज्या खोलीत लिहिलं गेलं ती खोली इंग्लंडातली होती. तिथली खोली म्हणजे १८ ते २० अंश सेल्सिअस. मेमधली माझी खोली म्हणजे ३२, ३३. एकाच शब्दाचे दोन घरांत दोन अर्थ झाले, आणि मी ते वाक्य डोळे मिटून उचललं.

आता हे असं का होतं ते बघू. चीज म्हणजे ढोबळमानाने दुधातल्या प्रथिनांचं जाळं आणि त्या जाळ्यात अडकलेली चरबी. ही चरबी म्हणजे आपलं तूपच. तुपाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. पुण्यात थंडीत बरणीत थिजतं, कोकणात मेमध्ये नुसतं पाणी. त्याला पाण्याच्या बर्फासारखा वितळण्याचा एकच ठरलेला अंश नसतो, ते टप्प्याटप्प्यानं सैल होत जातं. फ्रीजच्या ५ अंशांना त्यातला बराचसा भाग घट्ट असतो. २० अंशांना थोडाच भाग घट्ट उरतो. ३५-३७ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेला, सगळं पातळ.

चीजचा वास आणि चव देणारे बरेचसे पदार्थ या चरबीत मुरलेले असतात. चरबी थिजलेली असली की ते तिथेच अडकून बसतात, नाकापर्यंत पोचत नाहीत. आणि चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. म्हणून फ्रीजमधून काढल्या काढल्या चांगलं चीजसुद्धा खडूसारखं लागतं. हापूस फ्रीजमधून काढून लगेच खाणाऱ्या माणसाला काय सांगायचं! आमच्याकडे आंबा बादलीतल्या पाण्यात टाकतात. गार होतो, पण गारठत नाही. चीजचं तेच आहे. फार वर चढलं तर जाळं ढिलं पडतं, तूप बाहेर येतं, आणि त्या तुपाबरोबर चवही ताटलीत सांडते.

मधली जागा साधारण अशी: चेडरसारखं मुरलेलं, घट्ट चीज १८ ते २० अंशांना खावं. टोपली पनीरसारखं ताजं, पाणीदार चीज १०-१२ अंशांना, म्हणजे गारच. डब्यातल्या चीजची गोष्ट वेगळी. ते वितळवून, त्यात फॉस्फेट किंवा सायट्रेटसारखे क्षार घालून पुन्हा घट्ट केलेलं असतं. क्षारांमुळे चरबी प्रथिनांना धरून राहते, लवकर सुटत नाही. ही युक्ती स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली निघाली, चीज उष्ण देशांत टिकावं म्हणून. तेव्हा आमच्या लहानपणच्या त्या डब्याला नावं ठेवायचं कारण नाही. तो आमच्यासाठीच होता म्हणा ना.

त्या संध्याकाळनंतर मी जिद्दीला पेटलो. बायको म्हणाली, तापाचा थर्मामीटर लावा आता चीजला. मी खरंच स्वयंपाकाचा, टोचून बघायचा थर्मामीटर आणला. फ्रीजमधून काढलेला काडेपेटीएवढा तुकडा मेमधल्या दुपारी पंधरा-वीस मिनिटांत १८ अंशांवर आला. पुस्तकातल्या तासाची गरजच नव्हती. वस्तू आणि हवा यांत जितकं अंतर जास्त तितकी वस्तू लवकर तापते. वीस अंशांच्या खोलीत शेवटचे दोन-तीन अंश चढायला फार वेळ जातो, आणि एकदा विसाला पोचलं की चीज तिथेच थांबतं. आपल्याकडे ते विसाशी थांबत नाही, पुढच्या स्टेशनला निघून जातं.

आणखी एक गंमत. चीजला जो पहिला घाम येतो तो चीजचा नसतोच. आपल्या दमट हवेतली वाफ गार तुकड्यावर बसते, गार पाण्याच्या तांब्यावर बसते तशी. वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता तुकड्याला देऊन जाते, म्हणजे चीज आणखी लवकर तापतं. म्हणून तुकडा उघडा ठेवू नये, झाकून ठेवावा, पाणी झाकणावर बसू द्यावं. दुसरा घाम, तो बोटाला तुपकट लागणारा, तो मात्र चीजचा स्वतःचा. तो दिसला की उशीर झाला असं समजावं.

माझ्या एका विदर्भातल्या मित्राने सुचवलं, माठावर ठेवा. त्याच्याकडे ते जमतं. तिथली हवा कोरडी, पाणी झरझर उडतं, माठ गार होतो. आमच्या खाडीकाठी हवेतच इतकं पाणी की माठातलं उडायला जागा नाही. मोऱ्याचा माठ मेमध्ये चीजच्या काही कामाचा नाही.

हे सगळं झालं चवीचं. पण माझ्या घरात त्या वेळी दुसरा प्रश्न होता, आणि तो चवीहून मोठा होता. लेकीला हवं होतं ते टोपली पनीर. हे साध्या पनीरसारखं लिंबू घालून फाडलेलं नसतं, विरजणाऐवजी रेनेट लावून लहान टोपल्यांत लावलेलं असतं. (रेनेट पूर्वी जनावराच्या जठरातून काढत. आता पाकिटावर हिरवा ठिपका असला की ते जनावराचं नाही हे माझ्यासारख्यालाही कळतं आणि शेजारच्या जैन कुटुंबालाही.) ते मऊ, ओलं, घरगुती. दूध नीट तापवलं होतं का, टोपल्या आणि हात कसे होते, हे आपल्याला ठाऊक नसतं. अशा मऊ चीजमध्ये लिस्टेरिया नावाचा जंतू वाढू शकतो. धट्ट्याकट्ट्या माणसाला तो बहुधा फार त्रास देत नाही, पण गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. आणि हा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो.

नाशवंत पदार्थ दोन तासांहून जास्त बाहेर नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नको, असा साधा नियम आहे. जावयाने बर्फ भरपूर घातला होता. पण लॉन्च ओहोटीमुळे उशिरा सुटली होती, आणि डबा उघडला तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं. किती वेळापूर्वी, कुणाला माहीत?

मी लेकीला नको म्हटलं. ती रुसली. “अब्बा, तुम्ही पाहुण्यांना द्याल आणि मला नाही?” मी ते कुणालाच दिलं नाही, टाकून दिलं. अन्न टाकताना माझी आई आठवली आणि हात जड झाला, हे लपवत नाही. लेकीला मी चेडर दिलं. पाकिटावर पाश्चराइज्ड दूध लिहिलेलं, घट्ट, त्यातला धोका कमी. तेही रोट्यावर घालून तव्यावर चांगलं तापवून. तिथे १८ अंशांचा हट्ट मी सोडला.

बाळ जुलैत झालं, सुखरूप. जानेवारीत जावई पुन्हा डबा घेऊन आला, या वेळी लोकलने, आणि बर्फ बर्फच होता. त्या दिवसांत मोऱ्याला पहाटे चांगला गारवा असतो. फजरनंतर मी ओटीवर चेडरची झाकलेली ताटली ठेवली आणि शेजारी थर्मामीटर. हवा १९ दाखवत होती. इंग्लंडातली खोली आमच्या ओटीवर आली होती. टोपली पनीर मात्र फ्रीजमध्येच ठेवलं, शेवटच्या दहा मिनिटांपुरतं निवळीसकट बाहेर काढलं.

लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली. पंधरा मिनिटांनी तिने झाकण उचलून बघितलं. मी म्हटलं, अजून नाही, आज तासभर लागेल.

“अब्बा,” ती म्हणाली, “मे पासून थांबलेय.”