यंत्र मुकं होण्याआधी

अंधेरीत बसून आपण परदेशी बोलतो, त्या बोलण्याची वाट जवळच्याच वर्सोव्यातून जाते. आंतरराष्ट्रीय केबल तिथे किनाऱ्याला लागतात. मुंबईला हे नवं नाही. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबईची तार समुद्राखालून लंडनपर्यंत जाऊ लागली.

त्या मार्गाचं इंग्लंडमधलं टोक म्हणजे कॉर्नवॉलमधलं पोर्थकर्नो. तिथलं केबल स्टेशन १९७० मध्ये बंद झालं, आज तिथे संग्रहालय आहे. म्हणजे जागा जपली, यंत्रं जपली. पण दूरसंचाराचं संग्रहालय एवढ्याने पूर्ण होतं का? आम्हाला वाटतं, नाही.

एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या एक्स्चेंजमध्ये पूर्वी स्ट्रोजर यंत्रणा होती. अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजरने १८९१ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. तुम्ही डायलवर ४ फिरवला, की तारेतला प्रवाह चार वेळा तुटायचा. तिकडे एक्स्चेंजमधला सिलेक्टर टक्-टक् करत चार पायऱ्या वर चढायचा, मग आडवा सरकून मोकळी वाट शोधायचा. शून्य फिरवलं, तर दहा ठोके! काचेच्या कपाटात ठेवलेल्या सिलेक्टरकडे बघून यातलं काहीच कळत नाही. तो चालायला हवा, आणि तो चालवणारं माणूस हवं.

खरी अडचण इथेच आहे. २०२० च्या जानेवारीअखेर एमटीएनएलच्या दिल्ली-मुंबईतल्या सुमारे १४ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यातले जुने लोक नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचे. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं, की आतलं कागदी वेष्टन भिजायचं आणि शेकडो फोन एकदम बंद पडायचे. मग खड्ड्यात उतरून एकेक जोडी शोधायची, जोडायची. हे ज्ञान पुस्तकापेक्षा हातात जास्त असतं.

म्हणून आमचं सांगणं सोपं आहे. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, तुमच्या सोसायटीत कुणी निवृत्त लाइनमन किंवा ऑपरेटरताई असतील, तर त्यांच्याकडे जा. मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. 'कसं होतं?' एवढंच विचारू नका, 'करायचात कसं?' हे विचारा. घरात डायलचा फोन असेल, तर भंगारात देण्याआधी त्याचा नंबर, वर्ष आणि एक्स्चेंजचं नाव लिहून ठेवा. यंत्र उद्याही मिळेल. ते चालवणारा हात मिळेलच असं नाही.