तोंड नसलेला कुत्रा

दोस्तांनो, आज घरी एक कोडं घाला बरं. असा कोणता कुत्रा आहे, जो एक अक्षरही बोलत नाही, ज्याला चक्क तोंडच दिसत नाही. पण तो वैतागला की आपल्याला कळतं, घाबरला की कळतं, आणि मालकानं वेडेपणा केला की त्याच्या मनात काय आलं तेही कळतं?

उत्तर आहे ग्रोमिट! इंग्लंडच्या निक पार्क यांनी रंगीत मातीतून, म्हणजे प्लॅस्टिसिनमधून, हा कुत्रा घडवला. ग्रोमिट आणि त्याचा चीजवेडा मालक वॉलेस यांचा पहिला चित्रपट 'अ ग्रँड डे आउट' निकनं सुरू केला, तेव्हा तो विद्यार्थी होता. अवघ्या २३ मिनिटांचा चित्रपट. आणि तो पुरा व्हायला किती काळ लागला असेल? सुमारे सात वर्षं!

हलतं, पण हलत नाही

एवढा वेळ का लागला? कारण हा 'स्टॉप मोशन' चित्रपट आहे. यात बाहुली आपणहून हलत नाही. बाहुलीचा हात जरासा सरकवायचा, बाजूला व्हायचं, कॅमेऱ्यानं एक चित्र घ्यायचं. पुन्हा जरासा सरकवायचा, पुन्हा चित्र. ही चित्रं भराभर दाखवली की आपल्या डोळ्यांची फसगत होते आणि बाहुली जिवंत झाल्यासारखी वाटते.

आता हिशेब करा. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. प्रत्येक चित्र दोनदा वापरलं, तरी एका सेकंदासाठी बाहुली १२ वेळा हलवायची. एका मिनिटाला ७२० वेळा. आणि मध्येच टेबलाला धक्का लागला, तर? करा पुन्हा पहिल्यापासून!

गोठ्यातला स्टुडिओ

निकचा जन्म १९५८ सालचा, प्रेस्टन गावचा. त्याच्या लहानपणी इंग्लंडच्या टीव्हीवर मुलांसाठी अशा हलत्या बाहुल्यांचे कितीतरी कार्यक्रम असत. ते कुठल्या भव्य स्टुडिओत होत असतील असं वाटतं ना? छे! ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन ही जोडी तर कँटरबरीजवळ फर्मिन यांच्या शेतावरच्या एका जुन्या गोठ्यात काम करायची.

१९६९ साली त्यांचे 'क्लँगर्स' टीव्हीवर आले. दूरच्या एका छोट्याशा ग्रहावर राहणारे, लांब नाकाचे, गुलाबी, उंदरासारखे प्राणी. फर्मिन यांची पत्नी जोन हिनं ते लोकरीनं विणले होते. गंमत म्हणजे क्लँगर्स बोलत नसत, नुसत्या शिट्ट्या वाजवत. पण पोस्टगेट त्यांचे संवाद आधी नीट इंग्रजीत लिहीत आणि मग ते संवाद शिट्टीवर वाजवले जात. एका संवादात जरा वावगा शब्द होता, म्हणून बीबीसीनं हरकत घेतली. पण शिट्टीतली शिवी कुणाला कळणार? मुलांना मात्र क्लँगर्सचं दुःख, राग, आनंद सगळं कळत होतं.

दोन शाळकरी मित्र

त्याच काळात बीबीसीवर 'व्हिजन ऑन' नावाचा कार्यक्रम होता. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं, अशा मुलांनाही मजा यावी म्हणून तो मुद्दाम काढला होता. त्यामुळे त्यात बोलणं कमी आणि चित्रं जास्त. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन शाळकरी मित्रांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रं हलवण्याचे प्रयोग सुरू केले होते. त्यांची एक छोटीशी फिल्म 'व्हिजन ऑन'नं विकत घेतली. तिच्यातल्या पात्राचं नाव होतं आर्डमन. १९७२ साली त्यांनी हेच नाव आपल्या संस्थेला दिलं.

पुढे १९७७ साली त्यांनी मातीचा एक तपकिरी बुटका माणूस केला, मॉर्फ. चित्रकार टोनी हार्ट यांच्या कार्यक्रमात तो टेबलावर धुडगूस घाली. क्षणात त्याचा गोळा होई, क्षणात पुन्हा माणूस. आणि बोलणं? नुसती अगम्य बडबड!

बघा हं, क्लँगर्सची शिट्टी, मॉर्फची बडबड. शब्द एकही कळत नाही, पण गोष्ट कळते.

आईचा कॅमेरा

आता पुन्हा निककडे येऊ. त्याची आई कपडे शिवायची, वडील छायाचित्रकार. तेराव्या वर्षी निकनं आईचा घरगुती फिल्म कॅमेरा आणि शिवणाची रिळं घेऊन चित्रपट करायला सुरुवात केली. १९७५ साली त्याची एक छोटी फिल्म बीबीसीवर दाखवलीसुद्धा गेली.

पुढे तो बीकन्सफील्डच्या 'नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल'मध्ये शिकायला गेला आणि १९८२ साली त्यानं 'अ ग्रँड डे आउट' हाती घेतला. गोष्ट साधी. सुटीच्या दिवशी घरातलं चीज संपतं. चंद्र तर चीजचाच आहे म्हणतात! मग काय, वॉलेस आणि ग्रोमिट तळघरात अग्निबाण बांधतात आणि निघतात चंद्रावर. वॉलेसच्या आवाजासाठी निकनं पीटर सॅलिस या नामवंत नटाला पत्र लिहिलं. सॅलिस तयार झाले. मोबदला? त्यांच्या आवडीच्या धर्मादाय संस्थेला ५० पौंड देणगी!

ग्रोमिटनंही बोलावं असा निकचा आधी विचार होता. पण अग्निबाण बांधण्याच्या प्रसंगात एक अडचण आली. ग्रोमिट एका दाराखाली घोड्यासारखा उभा आणि वॉलेस वर करवत चालवतोय. तिथे ग्रोमिटच्या अंगाला नीट हातच लावता येईना. हलवता येत होतं ते डोकं, कान, डोळे आणि भुवई. निकनं भुवई जराशी खाली केली आणि काय आश्चर्य, कुत्र्याच्या मनातलं सगळं चेहऱ्यावर आलं! मग तोंड कशाला हवं? मॉर्फ आणि क्लँगर्स जे शिट्टीनं आणि बडबडीनं करत होते, ते ग्रोमिट नुसत्या भुवईनं करू लागला.

संपता संपेना

पण काम पुढे सरकत नव्हतं. वर्षं जात होती. अशा वेळी लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन त्याच्या शाळेत व्याख्यानाला आले. त्यांनी निकचं काम पाहिलं आणि त्याला ब्रिस्टलला बोलावलं. १९८५ साली तो आर्डमनमध्ये नोकरीला लागला. नोकरी लागली की अर्धवट राहिलेलं शाळेचं काम कोण पुरं करतं? निकनं केलं. आर्डमनचं काम करता करता आणि त्यांच्या मदतीनं आपलंही काम. चंद्रावर आणखी पुष्कळ पात्रं भेटणार होती, ती त्यानं काळजावर दगड ठेवून गाळली. अखेर १९८९ साली चित्रपट पुरा झाला.

१९९१ साली ऑस्करसाठी त्याची निवड झाली, पण तो हरला. कुणाकडून माहीत आहे? निकच्याच 'क्रीचर कम्फर्ट्स' या दुसऱ्या चित्रपटाकडून! पुढे १९९३ आणि १९९५ च्या वॉलेस-ग्रोमिट चित्रपटांनाही ऑस्कर मिळालं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये या जोडीचा नवा चित्रपट आला. ग्रोमिट अजूनही गप्पच आहे.

'अ ग्रँड डे आउट' पाहायला मिळाला, तर मातीवर नीट नजर ठेवा. कुठे कुठे बोटांचे ठसे दिसतात. ते पाहिले की वाटतं, अरे, हे तर कुणीतरी हातानं केलंय. मग मलाही जमेल!

आपल्याकडेही!

हा खेळ आपल्याला नवा नाही बरं का. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते कॅमेऱ्यानं एकेक चित्र घेत टिपलं होतं. १९१५ साली त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. त्या चित्रपटाचं नाव 'आगकाड्यांची मौज'.

करून पाहा

घरातला मोबाइल पुस्तकांच्या चळतीला रबरबँडनं घट्ट बांधा. खिडकीचा पडदा ओढून दिवा लावा, कारण ऊन सरकलं की सावली सरकते. मातीचा एक गोळा घ्या, त्याला दोन डोळे आणि एक भुवई लावा. तोंड लावायचं नाही! १२० चित्रं घेतलीत की दहा सेकंदांची फिल्म तयार. चित्रं जोडून देणारी अ‍ॅप्स मोबाइलवर मिळतात.

आणि आईबाबा, तुम्हाला एक विनंती. रविवारचा दिवस टेबलाचा एक कोपरा मुलांना सोडून द्या आणि त्याला धक्का लावू नका. लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांची सुरुवात अशाच एका टेबलावर झाली होती.

फिल्म झाली की आजीला दाखवा. काही सांगू नका. गोळा रागावलाय की रडवेला झालाय, हे तिनं न विचारता ओळखलं, तर समजा, जमलं!