ठोक्याविना बार

२००० साली अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीनं एक रायफल बाजारात आणली. मॉडेल ७०० हे कंपनीचं जुनं, नावाजलेलं घराणं. शिकारी, नेमबाज, सैनिक सगळ्यांच्या हातात फिरलेलं. नवी रायफलही लांबून तशीच दिसायची. पण तिच्या दस्त्यात ९ व्होल्टची साधी बॅटरी होती, मुठीच्या मागे लुकलुकणारा छोटा दिवा होता आणि यंत्रणा बंद-चालू करायला चक्क किल्ली होती. तिचं नाव इट्रॉनएक्स. चाप ओढला की आत काहीही हलत नसे. ना स्प्रिंग सुटे, ना पिन धावे. विजेचा एक झटका काडतुसाच्या बुडाशी पोचे आणि बार उडे.

नवल किती मोठं होतं हे कळायला आधी साधी बंदूक कशी पेटते ते पाहावं लागेल. दिवाळीत लहान मुलं टिकल्यांचं पिस्तूल उडवतात. खऱ्या काडतुसाचं तत्त्व त्याहून फार वेगळं नाही. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर नावाची धातूची चिमुकली वाटी बसवलेली असते. तिच्यात ठोक्यानं भडकणारा रासायनिक लेप असतो. चाप ओढला की दाबून धरलेली स्प्रिंग सुटते, पिन पुढे झेपावते, वाटीला खळगा पाडते आणि लेप चिरडून भडकतो. त्या ज्वाळेनं मुख्य दारू पेटते आणि तिचा वायू गोळीला नळीबाहेर ढकलतो. ठोक्यानं आग लावण्याची ही युक्ती अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याची. त्यानं १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. प्रायमरची वाटी आणि काडतुसाचं धातूचं कवच नंतर आलं, दारू बदलली, नळ्या बदलल्या. ठोका मात्र तोच राहिला. वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होणारं रायफलीचं काडतूस आजही ठोक्यावरच पेटतं.

या ठोक्याचे दोन दोष नेमबाजांना जुनेच ठाऊक आहेत. पहिला वेळेचा. चाप सुटल्यापासून पिन प्रायमरवर आदळेपर्यंत चांगल्या रायफलीत सुमारे ३ मिलिसेकंद जातात. दुसरा धक्क्याचा. गोळी अजून आतच असते आणि धातूचा तुकडा आतल्या आत धाडकन पुढे आदळतो. एवढ्यानं स्थिर धरलेली रायफल किंचित थरथरते. इट्रॉनएक्सनं हे दोन्ही दोष मुळापासून काढले. तिची पिन जागची हलत नसे. सिरॅमिकचा थर देऊन ती बाजूंनी विद्युतरोधक केलेली होती. वीज जाई ती फक्त टोकातून. बॅटरीचे ९ व्होल्ट आतलं सर्किट १५० व्होल्टपर्यंत चढवी. प्रायमरमधला लेपही विजेनं पेटणारा, खास बनवलेला. कंपनीच्या सांगण्यानुसार चाप ते पेट हे अंतर उरलं २७ मायक्रोसेकंदांचं, म्हणजे साध्या रायफलीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी.

कागदावर हा निकाल एकतर्फी वाटतो. पण हिशेब जरा पुढे नेऊ. बार पेटल्यावर गोळीला नळी ओलांडायला मिलिसेकंदभर लागतोच. तिथे विजेचा काही उपयोग नाही. नेमबाजाच्या डोळ्यानं पाहिलेलं बोटापर्यंत पोचायला तर मिलिसेकंदांची शतकं लागतात. समजा, नेम लक्ष्यावर सेकंदाला १० सेंटीमीटर वेगानं सरकतो आहे. स्थिर हाताच्या माणसासाठी हे बरंच झालं. तरी ३ मिलिसेकंदांत तो सरकेल ०.३ मिलिमीटर. इतका फरक टिपणारा नेमबाज विरळा आणि त्यासाठी सुमारे २,००० डॉलर मोजणारा त्याहून विरळा. धक्का नाहीसा झाल्याचा फायदा खरा होता, पण तोही चांगल्या हाताला आणि शांत मैदानातच जाणवणारा.

मग वीज बंदुकीत आली तरी कशासाठी? उत्तर आभाळात आहे. पहिल्या महायुद्धात विमानाच्या नाकावरची मशीनगन समोर फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांमधून झाडायची म्हणजे प्रत्येक गोळी पातं बाजूला असतानाच सुटली पाहिजे. १९१५ साली फोकर विमानांत हे काम दांडे आणि कॅम यांनी केलं. पुढे पंखे बदलले, वेग वाढले, दांडे लांबले, आणि या सगळ्या चालत्या भागांतली ढिलाई गोळी चुकीच्या क्षणी सोडू लागली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या १३ मिलिमीटरच्या एमजी १३१ या मशीनगनला म्हणूनच विजेचं प्रायमर दिलं गेलं. पंख्याशी जोडलेल्या संपर्कानं वीज सोडायची आणि काडतूस त्याच क्षणी पेटायचं. मेसरश्मिट १०९ च्या इंजिनावर अशा दोन बंदुका बसत. ०.३ मिलिमीटरची काळजी करणारं इथे कुणी नव्हतं. प्रश्न आपल्याच पंख्याला भोक पडण्याचा होता.

युद्धानंतर पंख्याची जागा जेट इंजिनानं घेतली, तरी वीज गेली नाही, कारण आता अडचण वेगाची होती. जनरल इलेक्ट्रिकची सहा नळ्यांची एम ६१ व्हल्कन मिनिटाला ६,००० गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला १००. त्या गतीनं पिन मागे ओढून पुन्हा आपटत बसण्यापेक्षा फिरत्या नळीनं ठरल्या जागी विजेचा संपर्क गाठणं कितीतरी सोपं. ब्रिटिशांची ३० मिलिमीटरची एडन तोफही विजेवर पेटणारी. भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांवर अशा चार-चार तोफा होत्या, आणि १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाड्यांवर त्या कडाडल्या. ‘बॉर्डर’ चित्रपटामुळे ती लढाई घराघरांत पोचली. तिच्यातल्या तोफगोळ्यांच्या बुडाशी ठोक्याचं नव्हे, विजेचं प्रायमर होतं, हे मात्र पडद्यावर दिसण्यासारखं नाही. हवाई दलानं अलीकडे घेतलेल्या अपाची हेलिकॉप्टरच्या नाकाखालची ३० मिलिमीटरची तोफही त्याच जातीची आहे.

विमानात ही युक्ती का टिकते, हे नीट पाहण्यासारखं आहे. विमानात वीज आधीच खेळत असते, वेगळी बॅटरी सांभाळावी लागत नाही. दारूगोळा हवाई दलाच्या कोठारातून येतो. वैमानिक तो दुकानात शोधत फिरत नाही. आणि एखादं काडतूस पेटलंच नाही, तर बाहेरून ऊर्जा घेऊन फिरणारी व्हल्कन ते तसंच बाहेर टाकून पुढे जाते. खांद्यावरच्या रायफलीत यातलं काहीच नसतं.

तरी खांद्यावर वीज आणण्याचा मोह इट्रॉनएक्सच्या आधीही झाला होता. १९९१ साली ऑस्ट्रियात कुफस्टाइनच्या फेरे कंपनीनं व्हीईसी ९१ ही रायफल काढली. हुबर्ट उझेल या संशोधकानं तिच्यासाठी कवच नसलेलं काडतूस बनवलं होतं: दारूच घट्ट दाबून तिलाच आकार दिलेला, गोळी तिच्यात रोवलेली, आणि पेटवायला वीज. धातूचं कवच नाही म्हणजे बार झाल्यावर बाहेर फेकायलाही काही नाही. कल्पना देखणी होती, पण ते काडतूस दुसऱ्या कुठल्याच रायफलीत चालत नसे. ब्रिस्बेनच्या माइक ओड्वायर यांनी तर चालते भागच काढून टाकले. त्यांच्या मेटल स्टॉर्ममध्ये गोळ्या नळीतच एकामागे एक रचलेल्या असत आणि सर्किट त्या पुढून मागे क्रमानं पेटवी. ३६ नळ्यांच्या नमुन्यानं सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात १८० गोळ्या सोडल्या. मिनिटाला दहा लाखांहून अधिकचा दर. आकडा जगभर गाजला, गिऱ्हाईक जमलं नाही, आणि २०१२ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेली.

विजेच्या प्रायमरला एक भीती कायमची चिकटलेली असते: नको तेव्हा नको तिथून येणारी वीज. अंगावरची स्थिर वीज, रडारच्या लहरी, तारांमधला अवचित झटका यांपैकी काहीही ठिणगी पाडू शकतं. २९ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर विमानाला बाहेरची वीज तोडून स्वतःच्या विजेवर घेताना झटका बसला आणि पंखाखालचं झूनी रॉकेट आपोआप सुटलं. पाठोपाठच्या आगीत आणि स्फोटांत १३४ जण दगावले. ते काडतूस नव्हतं, रॉकेट होतं. पण पेटवण्याची रीत तीच. म्हणूनच इट्रॉनएक्समध्ये किल्ली, सेफ्टी आणि बोल्ट पूर्ण बंद असणं, इतक्या अटी एकत्र जुळल्याशिवाय वीज पुढे जात नसे.

घात झाला तो अपघातानं नव्हे, प्रायमरनं. इट्रॉनएक्सचं प्रायमर आकारानं साध्या मोठ्या रायफल प्रायमरएवढंच, पण ठोक्यानं न पेटणारं. आणि साधं प्रायमर इट्रॉनएक्समध्ये निरुपयोगी. .२२-२५०, .२२० स्विफ्ट आणि .२४३ विंचेस्टर या तीनच मापांत रायफल मिळे. तिचा ग्राहक म्हणजे लांबून बारीक नेम साधणारा माणूस, आणि असा माणूस बहुधा काडतुसं स्वतः भरतो: आवडीचं प्रायमर, आवडीची दारू, आवडीची गोळी. त्याला सांगितलं गेलं, प्रायमर फक्त आमचंच. उद्या कंपनीनं ते बनवणं थांबवलं तर २,००० डॉलरची रायफल भिंतीवर टांगावी लागेल, हे त्याला तेव्हाच कळत होतं. त्याची शंका खरी ठरली. २००३ साली रायफल बंद झाली, आणि आज मूळ प्रायमर जपून ठेवणाऱ्यांकडेच ती बोलते.

नेमबाजीच्या खेळात मात्र वीज मागच्या दारानं शिरली आहे. अनेक एअर पिस्तुलांत चाप आता इलेक्ट्रॉनिक असतो. त्यात पेटवायचं काहीच नसतं, फक्त अडकण विजेनं सुटते. तेवढ्यानंही काय होतं, ते टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसलं: मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला, चापाचं सर्किटही बदलावं लागलं, आणि मोलाची मिनिटं गेली. याउलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य जिंकलं, तिथलं .२२ चं काडतूस आजही कडेवर पिन आपटूनच पेटतं.

इट्रॉनएक्सला वेडाचार म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. तिनं मांडलेलं गणित चोख होतं. ज्याच्यापुढे मांडलं त्याची अडचण वेगळी होती. वैमानिकाला ठोक्यानं खरोखर अडवलं होतं, म्हणून आभाळात वीज राहिली. शिकाऱ्याला ठोक्याची तक्रार नव्हती. खिशात चार काडतुसं असली की ना बॅटरी लागते, ना कंपनीची मर्जी, हीच त्याच्या लेखी बंदुकीची ताकद. २७ मायक्रोसेकंदांच्या बदल्यात ती सोडायला तो तयार झाला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.